एच-वन रजिस्टर भरून घेता, मग चिठ्ठी तपासायची सोयही द्या

मालेगाव, धुळे, छत्रपती संभाजीनगर इकडच्या पेपरांत अधूनमधून बातमी येतेच, 'कुत्ता गोळी'चा साठा पकडला, अमुक इतक्या पोरांना अटक. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, ही काही कुठल्या गुप्त कारखान्यातली नवीन वस्तू नाहीये, ही अल्प्राझोलम आहे, घाबरेपणा आणि झोपेसाठी डॉक्टर लिहून देतात तीच, तुमच्या माझ्या नात्यात कुणाच्या तरी उशाशी ठेवलेली असते ती. मुंबईकडे 'बटन' म्हणतात ती बहुतेक वेळा नायट्राझेपाम. बातमी आली की पुढचे काही आठवडे एफडीएच्या, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, तपासण्या वाढतात, मेडिकलवाल्यांना शो-कॉज नोटिसा जातात, काहींची लायसन्स सस्पेंड होतात, आणि लोकांचं मत तर ठरलेलंच असतं की हे मेडिकलवालेच विकतात. काही जण विकतात, हे मी अजिबात नाकारत नाही, आणि त्यांच्याबद्दल पुढे लिहिणार आहेच. पण मी स्वतः रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे, तालुक्याच्या गावात काउंटरवर उभा असतो, आणि इतकी वर्षं हे सगळं बघून माझं मत पक्कं झालंय की आपल्या कायद्यानं या गोळ्यांची सगळी जबाबदारी फार्मासिस्टच्या डोक्यावर टाकलीय पण ती पार पाडायला लागणारी एकही गोष्ट त्याच्या हातात दिलेली नाही, आणि त्याचा परिणाम असा होतो की नियम पाळणारा माणूस ही औषधं ठेवणंच बंद करतो, न पाळणारा विकत राहतो आणि ज्याला खरंच गरज आहे तो पेशंट दोघांच्या मधे अडकतो.

आधी नियम काय आहे ते थोडक्यात, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की सगळ्या 'चिठ्ठीच्या' गोळ्या सारख्याच. औषध नियम १९४५ चे, त्यात शेड्यूल एच म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशी मोठी यादी. मग ३० ऑगस्ट २०१३ ला केंद्रानं शेड्यूल एच-वन काढलं, ते १ मार्च २०१४ पासून लागू झालं, त्यात सुरुवातीला ४६ औषधं होती. एच-वनचं औषध दिलं की त्याच वेळी वेगळ्या रजिस्टरला लिहायचं, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. त्याच्यावर शेड्यूल एक्स, ज्यात लहान मुलांच्या एडीएचडीसाठी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) लागणारं मिथाइलफेनिडेट येतं, भुलीचं केटामाइन येतं, त्यासाठी २०-एफ असं वेगळं लायसन्स, कुलपातला साठा, डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत आणि एक प्रत दुकानात दोन वर्षं. आणि या सगळ्याच्या डोक्यावर १९८५ चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा.

कागदावर वाचलं तर वाटतं की किती कडक आहे. आता काउंटरवर या.

एक पोरगा येतो, चिठ्ठी देतो, त्यावर अल्प्राझोलम लिहिलंय, शहरातल्या कुठल्यातरी डॉक्टरचं लेटरहेड, खाली सही, रजिस्ट्रेशन नंबर. हा डॉक्टर खरा आहे का, ही सही त्याचीच आहे का, हीच चिठ्ठी या पोरानं सकाळपासून किती दुकानांत दाखवलीय, मागच्या आठवड्यात याच नावावर कुणी गोळ्या घेतल्यात का, यातलं काहीही मला कळायचा मार्ग नाही. फोन लावावा तर लेटरहेडवरचा नंबर पण त्यानंच छापलेला असू शकतो. मी रजिस्टरमध्ये नाव लिहितो, तो सांगेल ते नाव. पेशंटचा पत्ता तर एच-वन रजिस्टरच्या नियमात मागितलेलाच नाहीये, ओळखपत्र दूरची गोष्ट. आणि हे रजिस्टर माझ्या दुकानात पडून राहणार, शेजारच्या मेडिकलमधलं रजिस्टर त्याच्या दुकानात, दोन्ही एकमेकांशी कधीच बोलणार नाहीत. दहा दुकानांतून दहा स्ट्रिपा घेणारा माणूस दहाही रजिस्टरांत अगदी नियमात बसतो.

अजून एक गोष्ट, त्या ४६ मध्ये सवय लागणारी औषधं जेमतेम डझनभर, बाकी बहुतेक अँटिबायोटिक आणि टीबीची औषधं. म्हणजे सेफिक्झिम आणि लिव्होफ्लॉक्सासिन सारखी रोज खपणारी औषधं पण त्याच रजिस्टरमध्ये. अँटिबायोटिकवर लक्ष ठेवायलाच पाहिजे, रेझिस्टन्सचा प्रश्न खरा आहे, पण सर्दीतापाच्या सीझनला दिवसभर सेफिक्झिमच्या नोंदी लिहून हात दुखतो आणि त्या ढिगात अल्प्राझोलमची नोंद शोधायची म्हटलं तर औषध निरीक्षकालाही सहज सापडत नाही. दोन वेगळे रोग, एकच वही. आणि यादीचा हिशोब पण बघा, अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम एच-वनमध्ये, पण त्यांच्याच जातीची क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम त्या २०१३ च्या मूळ यादीत नव्हतीच, ती नुसती एच. एनडीपीएसमध्ये मात्र ही सगळी एकाच रांगेत बसलेली. यामागे कुठलं वैद्यकीय कारण असेल असं मला तरी दिसत नाही.

आता मी त्या पोराला नाही म्हणायचं ठरवलं, तर कशाच्या आधारावर? फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची जी आचारसंहिता आम्हाला कॉलेजात शिकवली जाते तिच्यात लिहिलंय की चिठ्ठी हातात घेताना तिच्यातल्या उपचाराच्या गुणदोषावर काही चर्चा किंवा टीका करायची नाही, इतकंच नव्हे, चेहऱ्यावर आश्चर्य किंवा काळजी सुद्धा दिसू द्यायची नाही. हे का लिहिलं ते मला समजतं, पेशंटचा डॉक्टरवरचा विश्वास तुटू नये म्हणून. पण हा विचार ज्या काळातला आहे त्या काळी गावात एक डॉक्टर आणि एक केमिस्ट असायचा, दोघं एकमेकांचं अक्षर ओळखायचे. पुढे २०१५ साली फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स आली, पेशंटला समुपदेशन करा वगैरे चांगल्या गोष्टी आल्या, पण नियंत्रित औषधाची चिठ्ठी संशयास्पद वाटली तर फार्मासिस्टनं नक्की काय करायचं, कुणाला कळवायचं, नकार दिल्यावर त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार, याची साधी सरळ पद्धत आजही काउंटरवर पोचलेली नाही. अमेरिकेत कायदा स्पष्ट सांगतो की नियंत्रित औषधाची चिठ्ठी योग्य कारणासाठी आहे ना हे बघायची जबाबदारी डॉक्टरइतकीच फार्मासिस्टची पण आहे, पण तिथे जवळपास प्रत्येक राज्यात एक ऑनलाइन नोंदवही आहे जिच्यात या पेशंटनं आधी कुठून किती घेतलं ते फार्मासिस्टला दिसतं. त्यांच्याकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, तिथल्या ओपिऑइडच्या, म्हणजे अफूसारख्या वेदनाशामकांच्या व्यसनाच्या, साथीत मोठमोठ्या फार्मसी साखळ्यांवर खटले झाले आणि नंतर भीतीपोटी खरे दुखणेकरी पण हाकलले गेले, तो धडा पण आपण घेतला पाहिजे. पण निदान तिथे जबाबदारी टाकताना माहिती तरी हातात दिली.

आपल्या महाराष्ट्रात यात अजून एक गुंता आहे, चिठ्ठी लिहिणारा कोण? राज्य सरकारच्या जुन्या अधिसूचनेमुळे आयुर्वेदाचे डॉक्टर ॲलोपॅथिक औषधं लिहितात. २०१४ साली कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाचा सीसीएमपी हा ॲलोपॅथिक औषधांचा कोर्स केल्यावर परवानगी द्यायचं ठरलं, त्याच्यावरून आयएमए ही ॲलोपॅथी डॉक्टरांची संघटना आणि सरकार यांच्यात वाद, डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएनं केमिस्टांना कळवलं की सीसीएमपी झालेल्यांच्या चिठ्ठीवर औषधं द्या, मग २०२५ मध्ये मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये त्यांची नोंद करायची की नाही यावरून पुन्हा आंदोलनं. ग्रामीण भागात हे डॉक्टर नसते तर दवाखानेच नसते, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध मला काहीही म्हणायचं नाहीये. पण माझा प्रश्न साधा आहे, हा वाद मंत्रालयात आणि कोर्टात सुटत नाही तोपर्यंत काउंटरवरच्या डी.फार्म झालेल्या पोरीनं सीसीएमपीवाल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर ट्रामाडॉल, म्हणजे सवय लागू शकणारं वेदनाशामक, द्यायचं की नाही? दिलं आणि उद्या कुणी म्हटलं की चिठ्ठीच वैध नव्हती तर ती अडकते, नाही दिलं तर डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून पेशंट समोरच्या मेडिकलला पाठवतो. ज्या प्रश्नाचं उत्तर राज्याला देता येत नाही ते तिनं दोन मिनिटांत, समोर चार गिऱ्हाईकं उभी असताना द्यायचं.

आणि अडकते म्हणजे किती अडकते हे लोकांना माहीत नसतं. औषध कायद्याखाली नोंद नीट ठेवली नाही तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड, लायसन्स सस्पेंड, ठीक आहे. पण अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम ही एनडीपीएसच्या यादीतही सायकोट्रॉपिक, म्हणजे मनावर परिणाम करणारी, म्हणून आहेत, ट्रामाडॉल पण एप्रिल २०१८ पासून तिथे गेलं. एनडीपीएसचे नियम सांगतात की ही औषधं विकायची ती औषध नियमांप्रमाणेच. म्हणजे औषध नियमातली चूक दाखवून तिच्यावर एनडीपीएसचा गुन्हा उभा करता येतो. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये संजीव देशपांडे प्रकरणात स्पष्ट केलं की यादीतल्या सायकोट्रॉपिक औषधांना एनडीपीएस लागू आहे. मग २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितलं की प्रमाण मोजताना शुद्ध औषधाचं वजन धरायचं नाही, भेसळीसकट किंवा भुकटीसकट सगळ्या मालाचं वजन धरायचं. हेरॉइनमध्ये पावडर मिसळून विकणाऱ्याला पळवाट मिळू नये हा हेतू, आणि तो बरोबरच आहे. पण तेच गणित गोळीला लावून बघा. अल्प्राझोलमचं 'व्यापारी प्रमाण', म्हणजे ज्याच्या वर सगळ्यात कडक शिक्षा लागते तो आकडा, १०० ग्रॅम. ०.५ मिलिग्रॅमची गोळी असेल तर शुद्ध औषधाच्या हिशोबानं १०० ग्रॅम व्हायला दोन लाख गोळ्या लागतील. पूर्ण गोळीचं वजन साधारण १०० मिलिग्रॅम धरलं तर हजार गोळ्यांतच आकडा गाठला. हजार गोळ्या म्हणजे दहाच्या शंभर स्ट्रिपा, चालत्या दुकानात स्टॉकिस्टकडून स्कीममध्ये एकदम येऊ शकतो इतका माल. व्यापारी प्रमाण लागलं की किमान १० वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळपास अशक्य, कारण हा माणूस दोषी नाही असं वाटायला सबळ कारण आहे अशी कोर्टाची आधी खात्री पटावी लागते.

ज्याच्याकडे खरेदीचं बिल आहे, लायसन्स आहे, त्याला कायदा शेवटी वाचवतो, वैद्यकीय उपयोगासाठी नियमाप्रमाणे ठेवलेला साठा हा गुन्हा नाही. पण 'शेवटी' या शब्दात किती महिने जातात, दुकान सील होतं, पोरांच्या शाळेत चर्चा होते, हे ज्याच्या घरात घडलं तोच जाणतो. एका बाजूला सरकारनं २०२३ च्या जन विश्वास कायद्यानं औषध कायद्यातले काही गुन्हे तडजोडीनं मिटवायची सोय केली, म्हणजे कागदी चुकांना तुरुंग नको हे तत्त्व सरकारला मान्य आहे, मग हेच तत्त्व एनडीपीएसच्या दारात येऊन का थांबतं?

याचा परिणाम काय झाला ते आपण मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या तीव्र दुखण्यावरच्या औषधाच्या, बाबतीत आधीच भोगलंय. आपला देश कायदेशीर अफू पिकवतो, मध्य प्रदेश-राजस्थानात शेतं आहेत, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. तरीही १९८५ चा कायदा आला आणि देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ च्या ५७३ किलोवरून १९९७ मध्ये १८ किलोवर आला. कॅन्सरचे पेशंट कमी झाले नव्हते. हॉस्पिटलांनी आणि दुकानांनी चार-चार परवान्यांची कटकट आणि जेलची भीती बघून ठेवणंच सोडलं, डॉक्टरांची एक आख्खी पिढी मॉर्फिन न वापरता शिकली. असह्य दुखण्याच्या पेशंटांसाठी काम करणाऱ्या केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना एकाच परवानगीत मॉर्फिन ठेवता यायला लागलं. आणि आज सुद्धा तालुक्याच्या साध्या मेडिकलमध्ये मॉर्फिनची गोळी मिळत नाही. हाडांपर्यंत कॅन्सर गेलेल्या माणसाच्या मुलाला दुखणं थांबवायच्या गोळीसाठी एसटीनं जिल्ह्याला किंवा त्याच्याही पुढे जावं लागतं.

तेच आता हळूहळू मानसिक आजाराच्या औषधांचं होतंय. बरेच मेडिकलवाले सरळ सांगतात, आम्ही ती गोळी ठेवत नाही, झंझट नको. एखादी आजी वर्षानुवर्षं डॉक्टरनं लिहून दिलेली अल्प्राझोलम घेतेय, गावात मिळेना म्हणून एकदम बंद झाली तर नुसती झोप जात नाही, घाम, थरथर, प्रसंगी फिट सुद्धा येते. ही गोळी हळूहळू कमी करत सोडवायची असते. हे फार्मासिस्ट सांगू शकतो, पण त्यासाठी त्याच्याकडे गोळी असली पाहिजे आणि तो दुकानात असला पाहिजे.

हो, तो दुकानात असला पाहिजे, आणि इथे आपल्याच लोकांना बोलावं लागेल. १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो की औषध द्यायचं ते रजिस्टर्ड फार्मासिस्टनंच, आणि चिठ्ठीवरचं औषध त्याच्या देखरेखीखाली गेलं पाहिजे. प्रत्यक्षात किती दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं असतं आणि ज्याचं नाव त्यावर आहे तो दुसऱ्या शहरात नोकरी करतो? सर्टिफिकेट भाड्यानं देणं हा धंदा सगळ्यांना माहीत आहे. २०११ ते २०१४ मध्ये महेश झगडे एफडीएचे आयुक्त होते तेव्हा त्यांनी हाच मुद्दा धरला होता, फार्मासिस्ट हजर नसेल तर कारवाई, आणि तेव्हा केमिस्ट संघटनांनी बंद पुकारले. त्या बंदच्या मी तेव्हाही विरोधात होतो आणि आजही आहे. ऑनलाइन फार्मसीवाल्यांविरुद्ध आपण ओरडतो की त्यांच्याकडे चिठ्ठी कोण तपासतं, २०१८ च्या ई-फार्मसी नियमांचा मसुदा अजून मसुदाच आहे, हे सगळं खरं, पण आपल्या काउंटरवर दहावी पास पोरगा चिठ्ठी वाचत असेल तर हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला राहत नाही. संघटनेनं भाड्याच्या सर्टिफिकेटवर स्वतःहून कारवाई मागितली तर पुढच्या सगळ्या मागण्यांना वजन येईल.

काही जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी एच, एच-वन, एक्सची औषधं विकणाऱ्या मेडिकलना सीसीटीव्ही लावायचे आदेश काढले. लावले लोकांनी. कॅमेऱ्यात दिसतं की एक माणूस आला आणि गोळ्या घेऊन गेला. चिठ्ठी खोटी होती हे कॅमेऱ्यात दिसत नाही. आणि नशेचा बाजार नेहमी यादीच्या पुढे असतो, पुण्यात जिमच्या पोरांकडे मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं सापडायला लागली, भूल देताना बीपी पडलं तर वापरायचं औषध, ते पकडलं तेव्हा एनडीपीएसच्या यादीत नव्हतं म्हणून पोलिसांना दुसरी कलमं शोधावी लागली. अशी इंजेक्शनं कुरिअरनं थेट पोरांच्या हातात जातात तेव्हा माझ्या एच-वनच्या वहीचा त्याच्याशी काही संबंधच येत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते पहिली गोष्ट, सवय लागणाऱ्या त्या डझन-दीड डझन औषधांसाठी वही बंद करून एकच ऑनलाइन नोंद. अशक्य आहे असं कुणी म्हणू नये, कारण मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं टीबीची औषधं देणाऱ्या केमिस्टांनी पेशंटची माहिती सरकारला कळवायची सक्ती आहेच आणि त्यासाठी निक्षय पोर्टल चालू आहे. जे टीबीला जमतं ते अल्प्राझोलमला जमेल. डॉक्टरनं नंबर असलेली ई-चिठ्ठी काढायची, दुकानात तो नंबर टाकला की चिठ्ठी खरी आहे का, हा डॉक्टर हे औषध लिहू शकतो का, आणि यातल्या किती गोळ्या आधीच दिल्या गेल्यात हे दिसलं पाहिजे. सीसीएमपीचा वाद पण तिथेच मिटेल, सिस्टिमनं नंबर घेतला तर घेतला, फार्मासिस्टला कोर्टाचं काम करायला लावायचं नाही. आणि हे होईपर्यंत निदान एक जुना नियम तरी पाळूया, औषध दिलं की त्याच चिठ्ठीवर दुकानाचं नाव आणि तारीख टाकायची, आणि डॉक्टरनं तसं लिहिलेलं नसेल तर तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा चालवायची नाही. गिऱ्हाईक चिडतं चिठ्ठी खराब केली म्हणून, चिडू द्या.

यावर एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, मानसिक आजाराच्या पेशंटांची अशी यादी तयार झाली तर ती कोण बघणार? गावात एखाद्या मुलीच्या लग्नाच्या वेळी ती कुठून तरी बाहेर आली तर? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा पेशंटला गोपनीयतेचा हक्क देतो, तो इथे शब्दशः पाळला पाहिजे. फार्मासिस्टला फक्त समोर उभ्या असलेल्या पेशंटच्या चालू चिठ्ठीपुरतं दिसावं, पोलिसांना कोर्टाच्या आदेशाशिवाय काहीच दिसू नये, आणि कुणी कधी उघडून बघितलं याची नोंद राहावी. हे करणार नसाल तर पोर्टल नको, मी वही लिहीन.

दुसरी गोष्ट, ज्याची खरेदी, चिठ्ठी आणि विक्रीची नोंद जुळते त्याच्यावर एनडीपीएस लावायच्या आधी औषध निरीक्षकाचा लेखी अहवाल सक्तीचा करा, आणि तयार औषधाच्या गोळ्यांचं प्रमाण मोजताना गोळ्यांची संख्या किंवा शुद्ध औषध धरा, हे संसदेला दुरुस्ती करून करता येईल. ज्याच्याकडे साठा आहे आणि बिल नाही, किंवा बिल आहे आणि हजार गोळ्या कुठे गेल्या ते सांगता येत नाही, त्याला १० वर्षं गेली तरी माझी काही हरकत नाही. आणि संरक्षण दिल्यावर मग आमच्याकडून पण घ्या, प्रत्येक तालुक्यात निदान एका मेडिकलनं, नाहीतर ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीनं, ही औषधं मॉर्फिनसकट ठेवलीच पाहिजेत अशी अट घाला, म्हणजे त्या कॅन्सरच्या पेशंटच्या मुलाला एसटी पकडावी लागणार नाही.